आईच्या रविवारची ओहोटी

लिफ्टची दुरुस्ती करणारा एक माणूस आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन समुद्रावर पोचला, तेव्हा समुद्र किनाऱ्यावरच्या भिंतीला येऊन टेकला होता. वाळू म्हणून कुठे दिसतच नव्हती. पायऱ्या उतरायला लागलं की पाचव्या-सहाव्या पायरीवर पाणीच सुरू होत होतं, गढूळ आणि फेसाळ, आणि त्यात कुणाची तरी एक चप्पल वरखाली होत होती.

मुलीच्या एका हातात बादली होती आणि दुसऱ्या हातात लांब दांडीची जाळी. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण चालायला लागल्यापासून ती आपल्याहून मोठ्या वस्तू उचलून घरभर हिंडायची.

"बाबा, खडक कुठाय?"

त्याने बोट दाखवलं. बऱ्याच लांब पाण्यात एक काळा ठिपका होता. त्यावर लाट फुटली की तोही दिसेनासा होत होता.

"तिथे चालत जायचं?"

"चालत जाता येतं," तो म्हणाला. "म्हणजे, एरवी येतं."

लहानपणी तो तिथे कितीदा तरी गेला होता. मधे वाळूचा एक दांडा असे, ओल्या, टणक वाळूचा, आणि त्यावरून सरळ खडकापर्यंत जाता येई. खडकाच्या खळग्यांत पाणी साचलेलं असे आणि त्या पाण्यात खेकडे, शंख आणि तारामासे. मुंगीने तारामासा पाहिला होता तो मैत्रिणीच्या घरी, कपाटात ठेवलेला, वाळून बिस्किटासारखा झालेला. "हा काही करत नाही," असं तिने फोनवर सांगितलं, आणि तो बोलून गेला, "जिवंत तारामासा चालतो. दाखवतो तुला." तेव्हापासून दर भेटीत तिचा पहिला प्रश्न ठरलेला होता.

भिंतीपाशी छत्र्या आणि खुर्च्या भाड्याने देणारी एक बाई बसली होती. छत्र्या मिटलेल्याच होत्या, कारण मांडायला जागा नव्हती.

"मावशी, पाणी कधी उतरेल?"

"संध्याकाळी सहाच्या पुढे. पण दांड्यावर जायचं असेल तर तेव्हाही नाही जमायचं. हे भांगाचे दिवस. पाणी पूर्ण उतरतच नाही."

"आम्हाला कुणी सांगितलं नाही."

"बघून यायचं ना, भाऊ," बाई म्हणाली. "आता तर सगळं मोबाईलमध्ये येतं."

तो हवामान बघून आला होता. स्वच्छ ऊन, हलका गारवा, सहलीला उत्तम, असं त्यात म्हटलं होतं. भरती-ओहोटीसाठी वेगळं काही बघायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि संध्याकाळी सहा वाजता त्याला मुंगीला तिच्या आईच्या दारात उभं करायचं होतं. एकाआड एक रविवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. घटस्फोट झाला तेव्हा कोर्टाने तसं ठरवून दिलं होतं.

त्यांनी भिंतीवर बसून ब्रेड आणि उकडलेली अंडी खाल्ली. उरलेला दिवस एका मोठ्या दुकानात सरकत्या जिन्यावर वरखाली करण्यात गेला. मुंगी जाळी खांद्यावर घेऊन उभी राहायची आणि लोक वळून बघायचे. तो सवयीने जिन्याचा आवाज ऐकत होता. डाव्या बाजूची एक चाकी घासत होती.

*

दुसऱ्या दिवशी तो एका नऊ मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीन रूममध्ये बसला होता. ब्रेकच्या पट्ट्या बदलून झाल्या होत्या. हाताचं ग्रीस पुसून त्याने मोबाईल काढला आणि भरती-ओहोटीचं वेळापत्रक दाखवणारं एक ॲप घेतलं. त्यात वर्षभराच्या वेळा होत्या. समुद्रावर जायला दिवस चांगला असेल तर हिरवी खूण, नाहीतर लाल.

त्याने आपला पुढचा रविवार काढला. लाल. दुपारी भरती. त्याच्या पुढचा आपला रविवार काढला. लाल. त्याच्याही पुढचा, तोही लाल. मग त्याने मधले रविवार बघितले. ते एकजात हिरवे होते. भर दुपारी ओहोटी, तीही उधाणाच्या दिवसांतली, म्हणजे पाणी सगळ्यात लांब जाणार, दांडा पार खडकापर्यंत उघडा.

मधले रविवार मुंगीच्या आईचे होते.

त्याला आधी वाटलं, आपल्याच बघण्यात काहीतरी चूक आहे. त्याने कागद घेऊन पुन्हा मांडलं. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. सरकत सरकत पंधरवड्यात ती जवळपास मूळ जागी येते. चंद्राचा पंधरवडा आणि कोर्टाचा पंधरवडा यांत जेमतेम अर्ध्या-पाऊण दिवसाचा फरक. तेवढ्या फरकाने त्याचे रविवार हळूहळू हिरवे होणार होते, नाही असं नाही, पण त्याला साडेतीन-चार महिने लागणार होते, आणि तोवर समुद्र खवळायचे दिवस येऊन किनारा बंद झालेला असणार होता.

"म्हणजे न्यायाधीशांनी भरती बघूनच तारखा दिल्या," तो मोटरला म्हणाला.

खालून साहेबांचा फोन आला. लिफ्ट चालू का नाही केली अजून, सातव्या मजल्यावरच्या आजी जिन्यात बसून राहिल्यात. त्याने स्विच वर केला. दोर ताणले गेले आणि लिफ्ट खाली गेली, जिथे जायला सांगितलं होतं तिथे जाऊन थांबली.

*

मुंगीच्या आईला फोन करायला त्याने तीन दिवस घेतले. ती एका हॉस्पिटलच्या औषधांच्या दुकानात काम करत होती आणि दुपारी जेवणाच्या वेळेतच नीट बोलू शकायची. फोन उचलल्यावर मागे पावत्या छापणाऱ्या यंत्राची करकर ऐकू आली.

"एक रविवार बदलून हवा होता," तो म्हणाला.

"का? ड्युटी आहे?"

"ड्युटी नाही. ओहोटी आहे."

"काय आहे?"

त्याने समजावून सांगितलं. चंद्र, पंधरवडा, उधाण, भांग, हिरव्या खुणा, लाल खुणा. बोलता बोलता त्यालाच कळत होतं की हे सगळं किती खोटं वाटतंय.

"म्हणजे चंद्रामुळे," ती म्हणाली.

"हो."

"आधी साहेबांमुळे. मग लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांमुळे. एकदा तर पंक्चरमुळे. आता तुझी कारणं चंद्रापर्यंत पोचली."

"कारण नाही सांगत आहे मी. मी रविवार टाळत नाहीये, फक्त बदलून मागतोय."

"मुंगी बादली घेऊन झोपते, माहितीये तुला? मागच्या वेळी परत आली ती एक शब्द बोलली नाही. मी विचारलं, काय पाहिलं? म्हणाली, सरकता जिना."

त्याच्या मस्तकात तिडीक गेली. त्या दिवसाचा दोष त्याचा नव्हता असं त्याला ओरडून सांगायचं होतं. पण मग दोष कुणाचा, हेही सांगता आलं असतं असं नाही.

"हा एकच," तो म्हणाला. "ॲपमध्ये मिनिटासकट दिलंय. चुकायचं काही कारणच नाही."

मागे कुणीतरी तिला हाक मारली. "येते," ती म्हणाली आणि मग फोनमध्ये, "त्या रविवारी मी माझ्या बहिणीकडे जाणार होते. ते मी रद्द करते. पण पुन्हा विचारू नकोस."

*

त्या रविवारसाठी त्याने सगळी तयारी केली. साहेबांच्या हातापाया पडून ड्युटी दुसऱ्याच्या गळ्यात मारली. तो सहकारी आता त्याच्याकडून पुढचे दोन शनिवार वसूल करणार होता. मुंगीसाठी रबरी तळाचे बूट आणले, कारण खडकावर पाय घसरतो. आपल्या एका खोलीच्या भाड्याच्या घरात ओट्यावर सँडविच बांधून ठेवली. गुरुवारपासून खिडकीची एक झडप रात्रभर आपटत होती, तिच्याखाली त्याने कागदाची घडी करून घातली आणि झोपला. तो वारा समुद्रावरून येतोय याचा त्याने जराही विचार केला नाही.

बसमध्ये मुंगीने ॲप बघितलं. "हिरवं आहे," ती म्हणाली.

"अगदी हिरवंगार."

बस वळणावर आली आणि समुद्र दिसला. तो नेहमीसारखा निळा-राखाडी नव्हता, सगळा पांढरा पांढरा दिसत होता. भिंतीखाली या वेळी वाळू होती खरी, पण जितकी हवी त्याच्या निम्मी. दांड्याची सुरुवात दिसत होती आणि पुढे तो पाण्यात शिरला होता. त्याच्यावरून दोन्ही बाजूंनी लाटा येऊन एकमेकींवर आपटत होत्या. खडक होता तिथेच होता.

"अजून उतरेल," तो म्हणाला. "वेळ व्हायचीय."

ते वाळूवर बसून राहिले. वाऱ्याने सँडविचमध्ये रेती गेली. छत्र्यांची बाई आज आलीच नव्हती. वेळ झाली. वेळ होऊन गेली. पाणी जिथे होतं तिथून एक पाऊलभरही मागे गेलं नाही. ॲप म्हणत होतं, ओहोटी पूर्ण, सहलीला उत्तम.

एका उंच खुर्चीवर लाइफगार्ड बसला होता, गळ्यात शिट्टी, शेजारी लाल झेंडा. मुंगीला तिथेच बसवून तो त्याच्याकडे गेला आणि मोबाईल वर धरून दाखवला.

"हे बघा. आत्ता, या क्षणाला, इथे पाणी नसायला हवं."

लाइफगार्डने वाकून बघितलं. "बरोबर आहे, दादा. नसायला हवं."

"मग आहे कसं?"

"तीन दिवस वारा समुद्रावरून आहे. आत कुठेतरी वादळ आहे म्हणे. पाणी ढकलून धरलंय त्याने. उतरत नाही."

"यात तसं काही लिहिलं नाही."

"यात वारा नसतो," लाइफगार्ड म्हणाला. त्याने दिवसभरात हे वाक्य बऱ्याच जणांना सांगितलं असावं.

तो परत आला. मुंगी बूट घालून, बादली घेऊन तयार उभी होती. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, आपण जिन्यावर जाऊ या का? मला आवडला होता जिना."

ती रडली असती, हट्ट केला असता, तर त्याने तिला समजावलं असतं. पण ती पाहुण्यांकडे गेल्यासारखी बोलत होती. आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ही नऊ वर्षांची पोर गोड बोलतेय हे त्याच्या लक्षात आलं आणि त्याचं पित्त खवळलं, समुद्रावर, ॲपवर, बहिणीकडे जाणं रद्द करणाऱ्या तिच्या आईवर, सगळ्यांवरच.

"काही जिना नाही," तो म्हणाला. "चल, खांद्यावर बस."

"पण झेंडा लाल आहे."

"गुडघाभर तर पाणी आहे. बस."

त्याने पँट दुमडली, तिला खांद्यावर घेतलं आणि दांड्यावर चालायला लागला. सुरुवातीला खरंच घोट्याएवढंच पाणी होतं. पायाखाली वाळू टणक होती, लहानपणी होती तशीच. तो मोठमोठी पावलं टाकत गेला. मग पाणी गुडघ्याला आलं. मग डावीकडून एक लाट आली आणि त्याच्या मांड्यांवर फुटली, आणि ती ओसरायच्या आत उजवीकडून दुसरी. त्याचा पाय एका खळग्यात गेला. मुंगीने त्याचे केस दोन्ही मुठींत धरले.

"बाबा, नको."

"जवळच आहे."

"बाबा, मला नाही बघायचा तारामासा. खरंच नाही बघायचा."

मागून शिट्टी वाजत होती, लांबलचक, पुन्हा पुन्हा. तो थांबला. पाणी आता कंबरेला लागत होतं आणि खडक अजून तेवढाच लांब होता. त्याला कळत होतं की वळायला हवं, आणि तरीही वळायला तो नको तेवढा वेळ लावत होता. मग मुंगीचे पाय त्याच्या छातीवर थरथरताना त्याला जाणवले आणि तो वळला. बादली कधी वाहून गेली ते दोघांनाही कळलं नाही.

लाइफगार्ड कंबरभर पाण्यात येऊन उभा होता. त्याने मुंगीला उचलून घेतलं. तो ओरडेल असं वाटलं होतं, पण तो ओरडला नाही. "पोर आहे हो बरोबर," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

*

मुंगीच्या आईचा फोन रात्रीपर्यंतही थांबला नाही. मुलीला दारात सोडून तो बस थांब्यावर पोचतो न पोचतो तोच आला.

"तू तिला पाण्यात नेलंस?"

"खांद्यावर होती."

"लाल झेंडा असताना?"

"वेळापत्रकाप्रमाणे तिथे पाणीच नसायला..."

"तू वेळापत्रकाशी भांडत होतास आणि ती तुझ्या खांद्यावर होती." तिचा आवाज चढला नव्हता. "मला काही म्हणायचं नाही. तुझे रविवार तुझे आहेत. पण समुद्र नाही. समजलं?"

"समजलं."

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्याने वेळापत्रक काढणाऱ्या कार्यालयाला फोन लावला. बराच वेळ फोनवरचं संगीत ऐकल्यावर एक बाई बोलायला आली. त्याने सगळं सांगितलं, तारीख, वेळ, पाणी किती होतं ते.

"वेळ बरोबर होती आमची," ती म्हणाली. "आम्ही चंद्र-सूर्याचा हिशोब देतो. वारा आणि हवेचा दाब त्यात धरलेला नसतो."

"मग तो कोण धरतं?"

"त्यासाठी हवामान कार्यालयाला विचारा."

हवामान कार्यालयातला माणूस म्हणाला की वाऱ्याचा इशारा त्यांनी दिला होता, पण पाण्याची पातळी त्यांच्याकडे येत नाही, ती त्या कार्यालयाकडे. ॲपवाल्यांनी तर फोन नंबरच दिला नव्हता. सगळ्यात खाली, तिळाएवढ्या बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हे अंदाज आहेत आणि त्यांवर विसंबून कुणी काही केलं तर जबाबदारी ज्याची त्याची.

त्याने पहिल्या कार्यालयाला पुन्हा फोन केला. तीच बाई आली.

"माझं काम लिफ्टचं आहे," तो म्हणाला. "लिफ्ट मजल्याच्या दोन बोटं वर थांबली तर लोक मला फोन करून शिव्या देतात. तुमचं पाणी कंबरभर चुकलं."

"हो," ती म्हणाली. आणि मग, "मुलगी ठीक आहे ना?"

"ठीक आहे."

"मग पुढच्या वेळी आधीचे तीन दिवस वारा बघा. आणि पाणी उतरत असताना निघा, उतरल्यावर नाही. परत यायला वेळ राहतो." तिने हे कार्यालयाच्या आवाजात सांगितलं नाही. त्याला तिच्यावर रागवायचं होतं आणि तेही धड जमलं नाही.

पुढची वेळ येणार नव्हती, हे त्याने तिला सांगितलं नाही.

*

त्याचे पुढचे दोन रविवार कोरडे गेले. एकदा ते प्राणीसंग्रहालयात गेले, एकदा पावसामुळे खोलीतच बसले. मुंगीने तारामाशाचं नाव काढलं नाही. ती भेटल्या भेटल्या आता दुसरंच काहीतरी बोलायची, शाळेचं किंवा मैत्रिणीचं, जणू कुणीतरी तिला बजावून पाठवलं होतं. कुणी बजावलं नसणार हे त्याला माहीत होतं. ती आपलीआपणच शिकली होती.

तरी तो रोज वारा बघायचा. सवयच लागली. कामावर जाताना बंदराच्या कार्यालयावरचा झेंडा कुठल्या दिशेला आहे ते बघायचा, ॲप उघडायचा, दुसऱ्या ॲपमध्ये हवेचा दाब बघायचा आणि मनातल्या मनात पाणी किती चुकेल ते ठरवायचा. कुणासाठी, ते विचारायला कुणी नव्हतं.

एका बुधवारी मुंगीच्या आईचा फोन आला. तो एका शाळेच्या लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता, बॅटरी तोंडात धरून.

"बोलता येईल का?"

त्याने बॅटरी काढली. "बोल."

"मुंगी तुझ्याशी बोलत नाही, पण माझ्याशी रोज तारामासाच असतो. काल रात्री रडली. मी या रविवारी घेऊन जावं म्हणते तिला. तिथे." तिला हे बोलायला जड जात होतं. "हा माझा रविवार. तू म्हणाला होतास की माझ्या रविवारी ओहोटी असते. किती वाजता निघायचं?"

तो खड्ड्यात उभा होता आणि वर शाळेची घंटा वाजत होती. आपला रविवार तिला देऊन तिचा आपण घ्यावा, हे त्याच्या जिभेवर आलं. ते त्याने गिळलं.

"मी येऊ का बरोबर? लांब बसेन."

"नको," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा हळू, "तू आलास की ती आपल्या दोघांकडे बघत बसेल. खडकाकडे बघणार नाही."

हे खरं होतं. खरं होतं म्हणूनच त्याला ते सहन होईना. त्याने भिंतीवरच्या तेलाच्या डागाकडे बघत, एकेक शब्द सुटा करत सगळं सांगितलं. ओहोटी कधी पूर्ण होते. त्याच्या तासभर आधी दांड्यावर पाऊल टाकायचं, घोट्याएवढं पाणी असलं तरी चालेल. पाणी सगळ्यात खाली गेलं की तिथे रेंगाळायचं नाही, तेव्हाच परत फिरायचं. खडकाच्या डाव्या अंगाला खळगे जास्त आहेत. बूट तिचेच न्यायचे, ते माझ्याकडे आहेत, मी हॉस्पिटलच्या दारात आणून देतो. लाल झेंडा असेल तर...

"लाल झेंडा असेल तर मी जाणार नाही," ती म्हणाली.

"हो. तू नाहीच जाणार."

"आणि वारा?"

"तो मी बघतो. रविवारी सकाळी कळवतो."

गुरुवारी वारा पडला. शुक्रवारी थोडा समुद्रावरून आला आणि त्याचा जीव खालीवर झाला. वारा आला तर बरं, असंही त्याला एकदा वाटून गेलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. शनिवारी वारा फिरला. रविवारी सकाळी तो उघड्या खिडकीत ओलं बोट धरून उभा राहिला आणि मग मेसेज केला: वारा जमिनीकडून आहे. पाणी पूर्ण उतरेल. जा.

तिचं उत्तर आलं: निघालो.

त्या दुपारी एका जुन्या इमारतीत चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकली होती. आत एक म्हातारं जोडपं होतं. आजोबा आतून दर दोन मिनिटांनी विचारत होते, किती वेळ लागेल, आणि तो सांगत होता, सांगता येत नाही. मशीन रूममध्ये हाताने चाक फिरवताना त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. आत्ता दांड्यावर असतील. पंधरा मिनिटांनी पुन्हा गेली. आता खडकावर. त्याने चाक इतक्या जोरात ओढलं की मनगटातून कळ आली. लिफ्ट पाचव्या मजल्याला लागली आणि त्याने खाली येऊन दार उघडलं. आजी बाहेर आल्या आणि त्यांनी त्याचे आभार मानायच्या ऐवजी विचारलं, "तुम्हाला कुणी रागावलं का?"

*

पुढच्या रविवारी मुंगी दहाच्या आधीच दारात उभी होती. दप्तर टाकायच्या आत तिने बोलायला सुरुवात केली.

"बाबा, तो चालतो. तू म्हणाला होतास ना, तसाच चालतो. पण तू सांगितलंस तसा भरभर नाही. इतका हळू, इतका हळू, की आई म्हणाली हा मेलाय. आणि मी म्हटलं थांब. आणि आम्ही थांबलो. आणि मग त्याचा एक हात असा झाला."

तिने हात दाखवला. मग ते पुरेसं वाटेना म्हणून ती सरळ फरशीवर पालथी झाली, हातपाय पसरून, आणि उजवा हात तसूतसूने पुढे सरकवू लागली. खोली एवढीशी, त्यामुळे त्याला चहाचं भांडं घ्यायलाही तिला ओलांडून जावं लागलं.

"पाणी किती लांब गेलं होतं?" त्याने विचारलं.

"खूप."

"खूप म्हणजे? दांडा पूर्ण उघडा होता?"

"सगळा. पायही भिजले नाहीत."

"ओहोटी वेळेवर होती?"

"मला काय माहीत. आई घड्याळ बघत होती. म्हणाली, अगदी मिनिटावर आहे."

अगदी मिनिटावर. त्याने गॅस लावायला दोन काड्या घालवल्या. इतक्या खेपा, साहेबांची मनधरणी, वाहून गेलेली बादली, आणि समुद्राने दिलेला शब्द पाळला तो असा, तो नसताना. त्याला हसू यायला हवं होतं. आलं नाही. पण मुंगी खाली अजून सरकत होती, आणि तो भांडं हातात घेऊन बघत उभा होता.

"किती होते?" त्याने विचारलं.

"तीन. एक मोठा, दोन लहान. मोठ्याचा एक हात तुटलेला होता, पण तिथे नवीन येत होता, एवढासा. तू पाहिलायस का तसा कधी?"

"नाही."

"लहानपणी पण नाही?"

"नाही," तो म्हणाला. "आम्ही एवढा वेळ कधी थांबलोच नाही."

मुंगीला हे पटलं. तिने मान वळवून त्याच्याकडे बघितलं, गाल फरशीला टेकवूनच. "मग बघ ना. मी दाखवते. पण तुला खाली बसावं लागेल, वरून नाही दिसत."

चहा उतू जायच्या बेतात होता. त्याने गॅस बारीक केला आणि तिच्या शेजारी, कपाट आणि खाटेच्या मधल्या अरुंद जागेत, गुडघे दुमडून बसला. मुंगीने तुटलेला हात कुठला ते सांगितलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.